अकरा वर्षांचा एसी आणि साडेबारा हजारांची कॉइल

नागपूरच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: सासऱ्यांच्या खोलीत 2015 साली घेतलेला दीड टनाचा तीन-स्टार स्प्लिट एसी आहे. गेली तीन वर्षं दर उन्हाळ्यात 'गॅस संपला' म्हणून तीन-तीन हजार भरले. यंदा दुसऱ्या मेकॅनिकने तपासलं तर आतल्या युनिटची कॉइलच (गॅस फिरतो त्या वळणदार नळ्या) गळतेय. कॉइल बदलून गॅस भरायचे 12,500 सांगितलेत. दुकानात नवा पाच-स्टार इन्व्हर्टर एसी (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) 41,500 ला आहे, फिटिंगचे 3,500 वेगळे, जुन्याचे 3,000 मिळतील. यजमान म्हणतात, बिनव्याजी हप्त्यांवर नवा घेऊ. ताईंना वाटतं, एवढ्या खर्चापेक्षा दुरुस्ती बरी. घरखर्च महिना 38,000, अडीअडचणीसाठी बँकेत 1,60,000 ची एफडी. सासरे 79 वर्षांचे, हृदयाची औषधं चालू आहेत.

ताई, आधी त्या तीन वर्षांच्या गॅसबद्दल बोलतो, कारण तिथे तुमचे नऊ हजार गेलेत. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो, आणि नळ्या धड असतील तर दहा वर्षांतही कमी होत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. माझ्या आईच्या घरी हेच दोन उन्हाळे चाललं होतं. तिसऱ्या वर्षी मी स्वतः जाळी काढून टॉर्च मारला, तर कॉइलच्या वळणापाशी तेलकट काळपट डाग दिसला. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं, त्याचा तो डाग. यंदाच्या मेकॅनिकने नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधली, हे योग्य केलं. तरी त्याला तो डाग दाखवायला सांगा. गळती कॉइलमध्ये नसून बाहेर पाइपाच्या नटापाशी असेल, तर दोन-तीन हजारांत काम होतं. मग पुढचं सगळं सोडून द्या आणि दुरुस्तीच करा.

गळती खरंच कॉइलमध्ये आहे असं धरून पुढे जाऊ.

दुरुस्तीचे 12,500 आणि नव्याचे 42,000 (41,500 अधिक फिटिंगचे 3,500, वजा जुन्याचे 3,000) हे दोन आकडे समोरासमोर ठेवले की दुरुस्ती स्वस्तच दिसणार. पण दुरुस्तीचे 12,500 किती उन्हाळे पुरतील आणि नव्याचे 42,000 किती, हे पाहिल्याशिवाय तुलना होत नाही. दुकानदार आपल्या यंत्रांचा घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी घटणारी किंमत, धरतो, तसा घरातल्या वस्तूचाही धरायचा. त्यात विजेचा फरकही मिळवायचा.

विजेचा आकडा मी तुमच्याच बिलांवरून काढला. फेब्रुवारीत 165 युनिट, मे महिन्यात 560. त्या फरकातून कूलर, पंखे, फ्रीजचं उन्हाळ्यातलं जास्तीचं काम वजा केलं, तर मे महिन्यात एसीने साधारण 350 युनिट घेतले. एप्रिल ते जुलै मिळून सुमारे 1,000. दुकानदार म्हणेल, नव्या एसीने बिल निम्मं होईल. मी एक तृतीयांशच बचत धरतो, कारण नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, 45-46 अंशांना इन्व्हर्टर एसीलाही जवळजवळ पूर्ण ताकदीनेच चालावं लागतं. म्हणजे वर्षाला 330 युनिट. मात्र महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात, त्यामुळे वाचलेलं युनिट नेहमी सगळ्यात महाग टप्प्यातलं असतं. तुमच्या मे महिन्याच्या बिलात 300 च्या वरचं युनिट वहन आकार आणि 16 टक्के वीजशुल्क धरून 16 रुपयांच्या आसपास पडतंय. वर्षाची बचत झाली 5,300.

आता हिशेब. दुरुस्त केलेला जुना एसी अजून दोन उन्हाळे चालला, तर वर्षाला 6,250 आणि जास्तीच्या विजेचे 5,300, मिळून 11,550. चार उन्हाळे चालला तरी 8,400. नवा एसी दहा वर्षं चालला तर वर्षाला 4,200. आठच वर्षं धरली तरी 5,250. दुरुस्तीच्या बाजूने जितकं ओढता येईल तितकं ओढून पाहिलं, नवाच स्वस्त पडतो.

तुमच्या एसीवर आर-22 गॅस लिहिलाय, तेही दुरुस्तीच्या विरोधात जातं. ओझोनच्या थराला घातक म्हणून तो भारतात टप्प्याटप्प्याने बंद होतोय. 2025 पासून त्यावर चालणारे नवे एसी बनवणंच थांबलं आहे. सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मिळ होत जाणार. कॉइल कंपनीची की बाजारातली, हे मेकॅनिकला विचारा आणि कॉइलवर किती महिन्यांची हमी तेही. 'तीन महिने' असं उत्तर आलं तर ते ऐकूनच काय ते समजेल.

हेच पत्र पुण्याहून आलं असतं आणि एसी वर्षात चाळीस रात्रीच लागत असता, तर मी दुरुस्ती करा म्हटलं असतं. तिथे विजेची बचत दीड हजारांच्या आतच राहते आणि कमी चालणारं यंत्र जास्त टिकतं. तुमच्याकडे तो शंभर दिवस चालतो, आणि त्या खोलीत 79 वर्षांचं माणूस झोपतं.

पैसे कुठून आणायचे? हप्त्यांवर घेऊ नका. बिनव्याजी म्हणतात त्या हप्त्यांतही बँक व्याज लावतेच. तेवढी सूट दुकान किंवा कंपनी देते, म्हणून ते दिसत नाही. पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि बँकेचं प्रक्रिया शुल्क तुमच्याच खिशातून जातं. शिवाय रोख घेणाऱ्याला दुकानदार दीड-दोन हजार सोडतो, ते हातचे जातात. एफडीतून 42,000 काढा. मागे 1,18,000 उरतात, म्हणजे तीन महिन्यांचा घरखर्च. त्याखाली मी तुम्हाला जाऊ दिलं नसतं. पुढच्या महिन्यापासून 42,000 चा बारावा भाग, म्हणजे 3,500 चा हप्ता, बँकेऐवजी स्वतःच्या खात्यात भरा, वर्षात एफडी पूर्ववत होईल. या रकमेवर एफडीत वर्षाला तीन हजारांच्या आसपास व्याज मिळालं असतं, तेही करपात्र. एसीने वाचवलेल्या 5,300 वर कर नाही. लेकीच्या फीसाठी म्युच्युअल फंडात दरमहा भरता ती एसआयपी मात्र थांबवू नका, तिला हात लावायची गरजच पडत नाही.

तीन-स्टार 35,000 ला मिळतोय आणि तोही चालेल का, असं तुम्ही विचारलंय. एरवी पाच-स्टारच. जास्तीचे 6,500 तीन-सव्वातीन वर्षांत विजेतून निघतात. पण घर तुमचं, गच्ची तुमची. पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 अनुदान आहे, आणि वर्षभरात सोलर बसवायचा तुमचा पक्का विचार असेल तर तीन-स्टार पुरे. युनिटच स्वस्त झालं की जास्तीच्या ताऱ्यांची किंमत वसूल होत नाही.

खरेदीला जाताना नुसते तारे मोजू नका. तारे देण्याचे निकष 2018, जुलै 2022 आणि जानेवारी 2026 असे कडक होत गेलेत, त्यामुळे जुन्या साठ्यातला पाच-स्टार आणि यंदाचा पाच-स्टार एक नव्हे. लेबलवर आयसीर नावाचा आकडा (विजेच्या मानाने मिळणारा थंडावा, जितका जास्त तितका चांगला) आणि वर्षाला लागणारे युनिट छापलेले असतात, ते पाहा. ते युनिट 1,600 तासांचे असतात, तुमचे तास साधारण हजार-अकराशे.

आणि हमी नीट वाचा. कॉम्प्रेसरची दहा वर्षं मोठ्या अक्षरांत असतात, पण इन्व्हर्टर एसीत आधी जातो तो इलेक्ट्रॉनिक बोर्ड, आणि तो बदलायला सात-आठ हजार लागतात. तुमच्याकडे व्होल्टेज वरखाली होतं असं लिहिलंय. बोर्डाची पाच वर्षांची हमी असलेलंच मॉडेल घ्या आणि बिलावर तसं लिहून घ्या. फिटिंगच्या 3,500 मध्ये किती फूट तांब्याचा पाइप आणि स्टँड धरलंय, तेही आधीच विचारा.

नवा एसी बसेपर्यंत सासऱ्यांना कूलरच्या खोलीत झोपवा, पण समोरची खिडकी उघडी ठेवून. सध्याच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम काम देतो. जूनमध्ये दमट हवा सुरू झाली की त्याचा उपयोग राहत नाही आणि वयस्कर माणसाला घामाने गळून गेल्यासारखं होतं. म्हणून खरेदी या आठवड्यातच उरका, नवतपा लागला की फिटिंगवाल्यांची आठ-आठ दिवस वाट पाहावी लागते.