वाचकांचे प्रश्न : जुलैतलं यलोस्टोन

प्रश्न : जुलैत मुलीकडे अमेरिकेत असताना दोन दिवस यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जायचं ठरतंय. मुक्काम वेस्ट यलोस्टोन गावात. पार्किंगच मिळत नाही असं ऐकलं. पहाटे निघालं की सगळं नीट पाहून होईल ना?

उत्तर : पहाटे जरूर निघा, पण सगळंच पहाटे पाहू नका. पश्चिमेचं प्रवेशद्वार सर्वांत गजबजलेलं. सहाच्या सुमारास आत शिरलात तर ओल्ड फेथफुल या जमिनीतून उसळणाऱ्या गरम पाण्याच्या फवाऱ्यापर्यंतचे जेमतेम 50 किलोमीटर तासाभरात होतात. नऊ-दहाला निघालात तर आधी फाटकावर रांग, मग मॅडिसन नदीकाठी कुणाला तरी एल्क हे मोठं हरीण दिसलेलं असतं आणि त्याच्यामागे सगळा रस्ता तुंबलेला. पास आधीच ऑनलाइन काढून फोनमध्ये उतरवून ठेवा. उद्यानाचं अ‍ॅप आणि नकाशेही, कारण आत नेटवर्कचा भरवसा नाही.

बहुतेकांचं चुकतं ते ग्रँड प्रिझमॅटिकला. सुमारे 110 मीटर रुंद असा हा गरम पाण्याचा तलाव, मध्ये गडद निळा, कडेला पिवळा-नारिंगी. जुलैतही पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो आणि थंड हवेत वाफ इतकी दाटते की नुसता पांढरा पडदा दिसतो. रंग पाहायचे तर ऊन वर यायला हवं, साधारण अकरा ते तीन, म्हणजे ऐन गर्दीत. तलावाजवळचं मिडवे बेसिनचं पार्किंग छोटं आहे, तिथे ताटकळू नका. ओल्ड फेथफुलच्या दिशेने दीडेक किलोमीटरवर फेअरी फॉल्सच्या पायवाटेचं पार्किंग लागतं. तिथून एक किलोमीटर चालून शेवटी तीसेक मीटर चढलं की अख्खा तलाव खाली पसरलेला दिसतो. खरं सांगायचं तर जवळच्या लाकडी पायवाटेवरून रंग तुकड्या-तुकड्यानेच दिसतात. एकच जागा निवडायची तर वरचीच निवडा. तेही पार्किंग भरलेलं असेल तर पाचनंतर फिरकून पाहा. सूर्य मावळायला नऊ वाजतात, त्यामुळे उजेड भरपूर असतो.

प्रश्न : ओल्ड फेथफुल नक्की किती वाजता उडतो?

उत्तर : ठरलेलं वेळापत्रक नाही. दोन फवाऱ्यांमध्ये सरासरी दीड तास जातो. आधीचा फवारा किती वेळ टिकला त्यावरून पुढची वेळ सांगतात, ती दहा मिनिटं मागेपुढे होते. अ‍ॅपवर आणि माहिती केंद्रातल्या फलकावर ती मिळते. बाकावर जागा हवी तर वीस मिनिटं आधी पोचा. फवारा संपला की सगळे एकदमच गाडीकडे धावतात आणि पार्किंगमधून बाहेर पडायलाच अर्धा तास जातो. तो अर्धा तास मागच्या पायवाटेवर कॅसल गायझर या दुसऱ्या फवाऱ्याकडे चालण्यात घालवा.

प्रश्न : बायसन रस्त्यावर आला तर? आणि तो दिसण्याची जागा कोणती?

उत्तर : हा आपल्याकडचा गवा नव्हे, खांद्यावर मोठं वशिंड असलेला झुपकेदार केसांचा प्राणी. तुमच्या मुक्कामाच्या गावाहून हेडन व्हॅली सोयीची. लांबच्या लामार व्हॅलीत सूर्योदयाआधी पोचायचं तर मध्यरात्र उलटताच उठावं लागेल. गाडीत असाल तर काचा वर घ्या, हॉर्न नको, तो हलेपर्यंत थांबा. पाहायला थांबायचं असेल तर रस्त्याकडेच्या थांब्यावरच, चारही चाकं पांढऱ्या रेषेबाहेर घेऊन.

पायी असताना बायसन, एल्कपासून किमान 23 मीटर आणि अस्वल, लांडग्यापासून 91 मीटर अंतर ठेवावं लागतं, तसा नियमच आहे. अंदाजासाठी हात ताठ करून अंगठा उभा धरा, एक डोळा मिटा. जनावर अख्खं अंगठ्याआड गेलं तर ठीक, कडेने दिसत असेल तर मागे सरा. संथ चरणारा बायसन ताशी 55 किलोमीटर वेगाने धावू शकतो. शेपूट वर उभी राहिली की फोन खिशात टाकून आधी निघा.

प्रश्न : बरोबर चार वर्षांचा नातू आहे.

उत्तर : लाकडी पायवाटेवर हात सोडू नका. बऱ्याच ठिकाणी कठडा नसतो. शेजारची जमीन घट्ट वाटते, पण कवच पातळ असतं आणि खाली पाणी उकळतं. या उंचीवर ते 93 अंशांनाच उकळतं, तरी भाजायला पुरेसं. टोपीला हनुवटीखालून दोरी बांधा. वाऱ्याने उडून कुंडाकडे गेलेली टोपी गेली असं समजायचं, मागे कुणीही उतरायचं नाही.