रात्री 9 नंतर इंटरनेट का मंदावतं?

तुमचा प्रश्न असा की, कोथरूडमध्ये 200 एमबीपीएसचा प्लॅन असूनही रात्री 9 नंतर जेमतेम 40 मिळतात, मग कंपनी फसवते आहे का? मी पुण्यातच एका छोट्या ब्रॉडबँड कंपनीचं नेटवर्क सांभाळतो. फसवणूक नसेलही, पण तुमची तक्रार रास्त आहे.

तुमच्या घरी येणारी फायबर एकट्या तुमची नसते. परिसरातल्या फायबर जिथून निघतात त्या कंपनीच्या ओएलटी मशीनच्या एका पोर्टमधून निघालेली एक फायबर, स्प्लिटर नावाच्या फाटे फोडणाऱ्या जोडणीने 32 किंवा 64 घरांत वाटली जाते. बहुतेक ठिकाणी अजून असलेल्या जीपॉन या फायबर वाटून देण्याच्या तंत्रात त्या सगळ्यांना मिळून डाउनलोडला साधारण 2.5 जीबीपीएस, म्हणजे 2,500 एमबीपीएस मिळतात. 32 घरांना 200 चा प्लॅन विकला की बेरीज होते 6.4 जीबीपीएस! सगळे एकाच वेळी पूर्ण वेग वापरत नाहीत, या भरवशावर हा धंदा उभा आहे, आणि पूर्वी तो भरवसा खराही होता. पान उघडलं की माणूस वाचत बसायचा, लाइन मोकळी. आता घरात दोन टीव्ही, चार मोबाइल, सगळीकडे व्हिडिओ. 19 नोव्हेंबर 2023 ला वर्ल्ड कप फायनल एकाच अ‍ॅपवर एका क्षणी 5.9 कोटी लोक पाहत होते.

गूगल, नेटफ्लिक्स आपले कॅशे सर्व्हर, म्हणजे व्हिडिओंच्या प्रती साठवणारी यंत्रं, इंटरनेट कंपन्यांच्या नेटवर्कमध्येच ठेवतात, त्यामुळे बाहेरून घ्यायच्या बँडविड्थचा खर्च वाचतो. पण ओएलटीपासून तुमच्या घरापर्यंतचा भार त्याने तसूभरही हलका होत नाही. तिथे उपाय म्हणजे एका पोर्टवरची घरं कमी करणं, नाहीतर 10 जीबीपीएसच्या एक्सजीएस-पॉन या नव्या तंत्रावर जाणं, म्हणजे ओएलटीत नवी कार्डं आणि घरोघरी नवे बॉक्स. ग्राहक मात्र महिन्याला 50 रुपये वाढले तरी कंपनी बदलतो. छोट्या कंपन्यांची खरी कोंडी ही आहे.

आधी लॅपटॉप थेट लॅन केबलने जोडून रात्री स्पीड तपासा. दाट सोसायट्यांत 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायची गर्दी हेही मोठं कारण असतं. केबलवर यूट्यूब सुरळीत आणि परदेशी साइट्सच रखडत असतील, तर कंपनीची बाहेरची लाइन अपुरी आहे. सगळंच रखडत असेल, तर पोर्ट भरलाय. मग कस्टमर केअरला नुसतं “नेट स्लो आहे” सांगू नका. आमच्या पोर्टवर किती घरं आहेत आणि रात्री 9 ते 11 त्याचा वापर किती टक्के असतो, हे लेखी विचारा. हा आकडा प्रत्येक कंपनीकडे असतो, आणि माझ्या मते तो ग्राहकाला मिळायलाच हवा.