स्पर्धा, शर्यत की चढाओढ?

प्रश्न : ‘स्पर्धा’, ‘शर्यत’ आणि ‘चढाओढ’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतात का?

उत्तर : नेहमीच नाही. नियम, परीक्षक आणि निकाल असलेली ती स्पर्धा, म्हणून एकांकिकांची स्पर्धा भरते. शर्यत मात्र वेगाची, त्यामुळे बैलगाड्यांची शर्यतच लागते. गणेशोत्सवात शेजारच्या दोन मंडळांत देखाव्यांवरून जे चालते, ती चढाओढ. तिला ना नियम लागतात ना पंच. बाजारातील स्पर्धेत परीक्षक नसतो, तरी २००२ च्या स्पर्धा अधिनियमाने तिलाही नियम घालून दिले आहेत. ‘स्पर्धा परीक्षा’ हा प्रयोग आम्हाला विशेष नेमका वाटतो, कारण तिथे नुसते उत्तीर्ण होऊन भागत नाही, मोजक्या जागांसाठी इतरांच्या पुढे जावे लागते. ‘अटीतटीची स्पर्धा’ लिहिण्याऐवजी ‘चुरस’ म्हटले तरी पुरते.