भर वैशाखात टोपी

"मॅडम, डोकं असंच राहील का हो?" हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की उन्हाळ्यात टोपी घातलेलं बाळ दाराशी दिसलं की मी मनात म्हणते, आलं.

त्या दिवशी आलेला मुलगा साडेचार महिन्यांचा, डोकं उजवीकडे मागून चपटं. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं होतं. टाळू ठीक, कवटीचे सांधे वेळेआधी जुळलेले नाहीत, मेंदूला धोका नाही. बाळ उताणं झोपतं आणि मान एकाच बाजूला टाकतं, एवढंच. पण सासूबाईंनी राईची उशी शिवून ठेवलेली, मालिशवाल्या मावशी "दाबून गोल करते" म्हणायच्या, आणि नवरा डोक्याला आकार देणाऱ्या हेल्मेटच्या चौकशीत.

मी आकडे सांगितले. न्यूझीलंडमध्ये 200 बाळं दोन वर्षं तपासली, तेव्हा चौथ्या महिन्यात जवळजवळ 20 टक्के डोकी चपटी होती, दोन वर्षांनी 3 टक्क्यांच्या आसपास. नेदरलँड्समध्ये 84 बाळांपैकी निम्म्यांना हेल्मेट, निम्म्यांना काहीच नाही; 2014 साली निकाल आला, दोन वर्षांच्या वयात दोन्हीकडे सारखाच. अगदी गोल मात्र दोन्हीकडे साधारण चौथा हिस्साच, बाकीच्यांत थोडा चपटेपणा राहिलेला.

"आणि माझा त्या तीनांत असला तर?" आईने विचारलं.

आकड्यांनी काळजी जात नाही, हे मी इतरांना शिकवते. तरी दरवेळी सुरुवात आकड्यांनीच करते.

दुसऱ्या भेटीत म्हटलं, "त्याचे फोटो दाखव बरं." रोज सकाळचा एक, सगळे वरून काढलेले. नुसतं डोकं. "हसतानाचा?" ती बराच वेळ बोट सरकवत राहिली. मग फोन उलटा ठेवला आणि रडायला लागली. "सगळे म्हणतात, तूच नीट झोपवलं नाहीस."

तिला विचारायचं होतं ते हेच. डोकं हे निमित्त. आईच्या प्रश्नामागे घरातलं कुणाचं तरी वाक्य असतं, असं माझं जुनं मत आहे आणि ते सहसा चुकत नाही.

मी सांगितलं, "तू बरोबरच झोपवलंस." अमेरिकेत 1994 पासून बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम चालली. झोपेत अचानक दगावणारी बाळं जवळपास निम्म्याने कमी झाली, आणि चपटी डोकी वाढली.

तिसऱ्या भेटीला सासूबाईंना बोलावलं. उशी नको, गुदमरण्याची भीती असते. डोकं दाबायचंही नाही. मात्र खुळखुळा डावीकडून वाजवायचं काम त्यांचं. रोज उशा-पायथ्याची अदलाबदल, जागेपणी समोर बसून पालथं घालणं, कडेवर जास्त वेळ. मान डावीकडे वळायला अडखळत होती, म्हणून फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. कवटीवर उंचवटा जाणवला किंवा आकार बिघडतच गेला, तर पुन्हा डॉक्टर. बाळ बसायला लागलं की डोक्यावरचा भार आपोआप कमी होतो.

परवा आली. मुलगा चौदा महिन्यांचा, टोपीशिवाय, टेबलाखाली शिरलेला. उजवीकडे अजून किंचित चपटा आहे. मीच पाहिलं, तिने नाही.

"मॅडम, हा काही खातच नाही हो."