हद्द बदलताना लोकांना विचारतात का?

प्रश्न : आमचे गाव शिळफाट्याच्या पलीकडील चौदा गावांपैकी एक. ही गावे 2007 मध्ये नवी मुंबई महापालिकेतून वगळली गेली आणि 2024 मध्ये शासनाने त्यांच्या फेरसमावेशाचा निर्णय घेतला. दक्षिण आफ्रिकेतील मटाटिएलेचे प्रकरण असेच होते, असे ऐकले. तेथे हद्द बदलताना लोकांना विचारतात का?
– एक वाचक, ठाणे जिल्हा

उत्तर : मटाटिएलेची हद्द तर बदललीच, पण त्याबरोबर प्रांतही बदलला. लेसोथोच्या सीमेलगतचे हे छोटे शहर 1978 मध्ये केप प्रांतातून नाताळ प्रांतात गेले, तर भोवतालची बरीच खेडी ट्रान्सकायमध्ये, म्हणजे वर्णभेदी राजवटीने कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या काढलेल्या आणि स्वतंत्र म्हणवल्या जाणाऱ्या प्रदेशात होती. वर्णभेदी राजवट संपल्यावर शहर क्वाझुलू-नाताळमध्ये राहिले आणि ती खेडी ईस्टर्न केपमध्ये गेली.

तेथील नगरपालिका म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येते तशी शहरी संस्था नव्हे. 2000 पासून देशातील प्रत्येक खेडे, कुरण आणि डोंगर कोणत्या ना कोणत्या नगरपालिकेत मोडतो. ग्रामपंचायत नावाचा वेगळा स्तरच नाही. ग्रामीण मतदाराच्या हाती तीन मतपत्रिका पडतात : एक प्रभागासाठी, दुसरी पक्षाच्या यादीसाठी, तिसरी अनेक स्थानिक नगरपालिकांवरच्या जिल्हा नगरपालिकेसाठी. जमातींचे पारंपरिक प्रमुख नगरपालिकेच्या सभेत बसतात, बोलतात, मात्र मत देऊ शकत नाहीत. महापौराला ही सभाच निवडते आणि मुख्य प्रशासकाची नेमणूकही तीच करते. आयुक्त मंत्रालयातून येण्याची सवय असलेल्या आपल्याला हे शेवटचे कलम हेवा वाटावा असे आहे.

आता मूळ मुद्दा. 2005 च्या बाराव्या घटनादुरुस्तीने मटाटिएले ईस्टर्न केपमध्ये घातले गेले आणि त्या प्रांताचा तुटलेला उमझिमखुलू हा तुकडा क्वाझुलू-नाताळला मिळाला. मटाटिएलेची नगरपालिका थेट घटना न्यायालयात गेली. ऑगस्ट 2006 मध्ये न्यायालयाने मटाटिएलेपुरती दुरुस्ती अवैध ठरवली. प्रांताची सीमा बदलायची तर त्या प्रांताच्या विधिमंडळाची संमती लागते आणि ती देण्यापूर्वी लोकांना सहभागी करून घेणे बंधनकारक असते. ईस्टर्न केपने सुनावण्या घेतल्या होत्या, क्वाझुलू-नाताळने घेतल्या नव्हत्या. मात्र चूक सुधारता यावी म्हणून न्यायालयाने आदेशाला 18 महिन्यांची स्थगिती दिली. त्या मुदतीत सुनावण्या झाल्या, लोकांनी विरोध नोंदवला आणि 2007 च्या तेराव्या दुरुस्तीने मटाटिएले पुन्हा ईस्टर्न केपमध्येच घातले गेले. आजही ते तेथेच आहे.

थोडक्यात, तेथे विचारावे लागते. उत्तर मानावे लागत नाही. आपल्या महापालिका अधिनियमाच्या कलम 3 मध्येही हद्दबदलाच्या अधिसूचनेचा मसुदा आधी प्रसिद्ध करण्याची अट आहे. हरकत त्याच टप्प्यावर, लेखी द्यावी आणि पोच घ्यावी, कारण ‘आम्हाला ऐकलेच नाही’ असा दावा पुढे करावयाचा झाल्यास पहिला कागद तोच लागतो.