कारखान्याची मळी, टँकरचं काळं पाणी आणि शेतातलं पाचट

शेतकरी बंधू-भगिनींनो, ऊसतोड सुरू झाली की आमच्या कृषी कार्यालयात येणाऱ्या प्रश्नांचा रोखच बदलतो. या पंधरवड्यात चार प्रश्न आले, चारही टाकाऊ मालाचे. दोन कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मालाचे, दोन आपल्याच रानातल्या. उत्तरं सगळ्यांच्या उपयोगाची आहेत, म्हणून एकत्र देतो.

प्रश्न : खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक) ठेवायचा आहे. पाचट पेटवलं की तासाभरात रान मोकळं होतं आणि राखेचं खतही होतं. मग पाचट ठेवून उंदीर आणि मुळं खाणारी हुमणी कशाला पोसायची?

दादा, राखेचं तुमचं म्हणणं काही अंशी खरं आहे. पाचट जळालं तरी त्यातला पालाश राखेत उरतो. पण पाचटातला जवळपास सगळा नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरावाटे जातो, आणि उरलेली राखही वाऱ्यावर शेजारच्या रानात जाते.

आता किती जातं ते मोजू. एका हेक्टरात 8 ते 10 टन वाळलेलं पाचट निघतं, म्हणजे एकरी साडेतीन टनांच्या आसपास. त्यात नत्र अर्धा टक्का, पालाश पाऊण ते एक टक्का आणि सेंद्रिय कर्ब 32 ते 40 टक्के. एकराला नत्र सतराएक किलो, पालाश 25 ते 35 किलो. पालाशाचा आकडा म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशचं जवळजवळ एक पोतं. आणि हजार किलोच्या वर कर्ब, जो कुठल्याच दुकानात पोत्यात मिळत नाही. माती परीक्षणाच्या अहवालात कर्बाच्या रकान्यात ‘कमी’ किंवा ‘अत्यंत कमी’ वाचून तुम्ही मला उपाय विचारता. उपाय तुमच्या बांधाच्या आत पडलेला असतो आणि आपण त्याला काडी लावतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मागच्या मे महिन्यात एका खोडव्याच्या रानात गेलो होतो. बांधाच्या अलीकडे पाचट ठेवलेलं, पलीकडे जाळलेलं. दोन्हीकडे पाणी देऊन दहा-अकरा दिवस झालेले. जाळलेल्या रानात भेगांमध्ये बोटं जात होती. अलीकडे सरीतलं पाचट हाताने उचललं. वरचा थर करकरीत वाळलेला, त्याखालचा तपकिरी आणि दमट, अगदी तळाचा काळा, आणि त्यात पांढऱ्या बुरशीचे सुतासारखे धागे. माती मुठीत धरली तर गोळा होत होती. त्या शेतकऱ्याची पाण्याची एक पाळी वाचली होती. मे महिन्यातल्या एका पाळीची किंमत तुम्हाला मी सांगायला नको.

आता करायचं कसं. तोड झाली की पाचटाचे ढीग मोडून ते सरीत पसरा, पण वरंब्यावरचे बुडखे उघडे ठेवा. मोठे राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा. फूट जमिनीखालच्या डोळ्यांतून आली तरच ती जोमदार येते. छाटणीनंतर लगेच 10 लिटर पाण्यात 10 ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घेऊन बुडख्यांवर फवारा. मग पाचटावर हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाका. जिवाणू शेणखतात मिसळून टाकले तर सारखे पसरतात. युरिया वगळू नका. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र थोडा असतो. जिवाणूंना नत्र कमी पडला की ते मातीतला ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. ‘पाचट ठेवलं आणि ऊस पिवळा पडला’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

पहिलं पाणी सरीतून हळू सरकतं, हे मान्य. पाचट पायाने थोडं तुडवून घ्या. एक-दोन पाण्यांनंतर ते बसतं. खोडव्याची रासायनिक खतं फोकून देऊ नका. पहारीने बुडख्यापासून वितभर अंतरावर, वितभर खोल भोक घेऊन द्या: पहिला हप्ता तोडीनंतर 15 दिवसांच्या आत, दुसरा 135 दिवसांच्या सुमारास विरुद्ध बाजूला. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची ही शिफारस जुनी आहे. मजुरी लागते, पण खत मुळाशी पोहोचतं.

हुमणी पाचटातून येत नाही. वळवाचा पाऊस पडला की तिचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब आणि बाभळीवर बसतात, पाला खातात आणि नंतर जमिनीत अंडी घालतात. ते भुंगेरे संध्याकाळी फांद्या हलवून गोळा करा आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. हुमणीची अळी शेतात येते ती न कुजलेल्या शेणखतातूनही, तिकडे जास्त लक्ष द्या. उंदरांसाठी बांध साफ ठेवा, बिळं शोधून बुजवा.

आणि पेटवलेली आग बांध ओळखत नाही. शेजाऱ्याचा उभा ऊस, ठिबकच्या नळ्या, गोठा, कधी आग विझवायला धावलेलं माणूस, हे सगळं या भागात होऊन गेलंय.

प्रश्न : कारखान्यातून ताजी मळी आणली, सरीत भरली आणि त्यावरच टिपरी (उसाच्या कांड्यांचे तुकडे) लावली. उगवण फार तुटक झाली. मळी खराब होती का?

मळी खराब नव्हती, कच्ची होती. आधी शब्दाचा घोळ सोडवू. गावात आपण मळी म्हणतो ती प्रेसमड, म्हणजे रस गाळताना मागे राहणारा काळपट गाळ. कारखान्याच्या आणि सरकारच्या कागदात मळी म्हणजे मोलॅसिस, ज्यापासून अल्कोहोल बनतं. पावतीवर काय लिहिलंय ते नीट बघत जा. 100 टन उसामागे साधारण 28 ते 30 टन बगॅस (चिपाड), 3 ते 4 टन प्रेसमड आणि चारेक टन मोलॅसिस निघतं. बगॅस बॉयलरमध्ये जातं, मोलॅसिस डिस्टिलरीत जातं, आणि प्रेसमड आपल्या ट्रॉलीत येतं.

ताज्या प्रेसमडमध्ये साखरेचा अंश आणि उसाचं मेण असतं. साखरेमुळे ते झपाट्याने तापतं, ढिगाच्या पोटात 60 अंशांच्या वर जातं. सकाळी गार हवेत ढीग फावड्याने फोडून बघा, वाफ निघते. त्या उष्णतेत टिपरीचे डोळे भाजतात. मेणामुळे पाणीही लवकर झिरपत नाही. तुमच्या रानात उगवलेली टिपरी बहुतेक अशा ठिकाणी असतील जिथे मळीचा थर पातळ पडला. एकदा उकरून बघा. जिथे जागा रिकामी आहे तिथे रोपं लावून नांग्या भरा. आता आणखी मळी टाकू नका.

पुढच्या वेळी मळी दोन महिने आधी आणा. बांधाला, विहिरीपासून लांब, कमरेइतका उंच आणि दीड-दोन मीटर रुंद लांबट ढीग घाला. ओल इतकी ठेवा की मूठ आवळली तर हात ओला व्हावा, पण पाणी टपकू नये. आठवड्याला एकदा उलथा. ढीग वर-खाली केला तरी तापेनासा झाला, वास मातीसारखा आला आणि हाताला भुसभुशीत लागला की तयार. असं कुजलेलं खत एकरी अडीच-तीन टन शेवटच्या कुळवणीला मिसळा. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत रस गंधकाच्या धुरीने साफ करतात, त्यामुळे या मळीत गंधक आणि चुना दोन्ही असतात. चोपण (सोडियम साचून घट्ट) होत चाललेल्या रानाला ती चांगली. पण चोपण म्हणजे नेमकी किती, हे माती तपासूनच ठरवा.

प्रश्न : रात्री टँकर येतो. ‘हे खताचं पाणी आहे, पालाश भरपूर आहे, फुकट सोडतो’ म्हणतात. घ्यावं का? शेजारच्यांनी घेतलं.

ताई, घेऊ नका. आणि विचारलंत हे फार बरं केलंत.

हे पाणी म्हणजे डिस्टिलरीचा स्पेंटवॉश. 1 लिटर अल्कोहोलमागे 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश निघतो. रोज 30 हजार लिटर अल्कोहोल काढणारी डिस्टिलरी धरली, तर दिवसाला तीन लाख लिटरच्या आसपास काळं पाणी. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळायचं धोरण आल्यापासून डिस्टिलऱ्या वाढल्या आणि हे पाणीही वाढलं. ते आम्लधर्मी असतं, सामू 4 च्या आसपास. त्याची बीओडी, म्हणजे पाण्यातला प्राणवायू खाण्याची ताकद, प्रक्रियेआधी लिटरला 40 ते 50 हजार मिलिग्रॅम असते. सांडपाणी जमिनीवर सोडायची सर्वसाधारण मर्यादा आहे 100. फरक तुमच्या लक्षात आलाच असेल.

पालाश त्यात खरोखर आहे. पण त्याच्यासोबत क्षारही येतात. एकदा टँकर ओतला की क्षार किती आले याचा हिशेब कुणाकडेच राहत नाही. जमीन कडक होते आणि पाऊस आला की ते पाणी झिरपून विहिरीत उतरतं. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या एका गावात ओढ्याकाठची विहीर अशीच गेली. पाणी काढ्यासारखं, वर फेस, मासे उलटे तरंगत होते. एक म्हातारी बादली बाजूला ठेवून नुसती बसली होती. तिची गुरं त्या पाण्याला तोंड लावत नव्हती.

नियमाने डिस्टिलरीने हे पाणी आवाराबाहेर सोडायचंच नाही. ते आटवून बॉयलरमध्ये जाळावं, किंवा आवारातच प्रेसमडवर शिंपून कंपोस्ट करावं. जाळल्यावर उरणाऱ्या राखेतून मोलॅसिसपासूनचं पोटॅश हे खत बनतं. त्यात किमान 14.5 टक्के पालाश असतो आणि 2021 पासून केंद्राच्या अनुदान योजनेत त्याचा समावेश आहे. म्हणजे पालाश घ्यायचाच असेल तर पोत्यात घ्या. पोत्यावर टक्केवारी छापलेली असते आणि पावती मिळते. टँकरवाल्याकडे दोन्ही नसतं, म्हणून तो रात्री येतो.

पुन्हा टँकर आला तर भांडत बसू नका. गाडीचा नंबर, वेळ आणि जागेचा फोटो ठेवा. सकाळी तलाठी आणि आमच्या कृषी सहायकाला बोलावून पंचनामा करून घ्या आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या. पाण्याचा नमुना मंडळाच्या माणसांनाच सील करून घेऊ द्या. आपण बाटलीत भरून नेलेला नमुना पुढे टिकत नाही. अर्ज लिहायला अडचण असेल तर माझ्याकडे या, बसून लिहू. आणि शेजारच्यांना सांगा, उन्हाळ्यात रानाची माती आणि विहिरीचं पाणी दोन्ही तपासून घ्या. विद्युत वाहकतेचा, म्हणजे क्षार किती ते सांगणारा आकडा माझ्याकडे घेऊन या.

प्रश्न : कलिंगडानंतर प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर काढायला मजूर मिळत नाहीत. रोटाव्हेटर फिरवला तर चालेल का?

नाही. 25-30 मायक्रॉनचा पेपर रोटाव्हेटरखाली चिंध्या-चिंध्या होतो आणि नंतर तो वेचता येत नाही. शेवटच्या तोडणीनंतर लगेच, उन्हाने कडक व्हायच्या आत काढा. आधी वेल उपटा, कडेची माती सैल करा, मग पीव्हीसी पाइपाच्या तुकड्यावर गुंडाळत चला. दोन माणसांत काम होतं. माती झटकून सुकवून ठेवा. भंगारवाला मातीने भरलेला पेपर घेत नाही, स्वच्छ घेतो. ठिबकच्या जुन्या नळ्यांना तर बरा भाव येतो. पेटवू मात्र कशालाच नका.

औषधांच्या बाटल्या त्याच गठ्ठ्यात टाकू नका. फवारणीच्या वेळीच बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपात ओता, बाटलीला भोक पाडा आणि वेगळ्या पोत्यात ठेवा. माळवं धुवायच्या टाकीजवळ किंवा विहिरीच्या काठावर एकही बाटली दिसता कामा नये.