‘आधी काय बोलू?’ गुन्ह्यातील पीडितांना साथ देणाऱ्यांचे प्रश्न

हेल्पलाइनवर फोन घेणारे, रुग्णालयात सोबत थांबणारे, कोर्टाच्या बाकावर शेजारी बसणारे स्वयंसेवक आणि कार्यकर्ते यांच्याकडून या वेळी प्रश्न मागवले होते. काही प्रश्न एकसारखे होते, ते एकत्र करून घेतले आहेत.

प्रश्न : पुढच्या महिन्यापासून मी हेल्पलाइनवर बसणार आहे. समोरची व्यक्ती नुसती रडत असेल तर पहिल्या पाच मिनिटांत काय बोलायचे? चुकीचे काही तोंडून जाईल अशी धास्ती वाटते.

सुरुवात सुरक्षिततेपासून करा. “आत्ता तुम्हाला बोलता येईल का? तिथे कुणाचा धोका आहे का? कुठे लागलंय का?” एवढे तीन प्रश्न आधी विचारा. त्याला जोडूनच विचारायचे, “फोन मध्येच तुटला तर मी परत लावू की नको?” हे पुष्कळ जण विसरतात. घरातच मारहाण होत असेल तर परत केलेला फोन मारणाऱ्याच्याच हाती पडू शकतो.

कुणी गळा दाबला होता का, हेही विचारा. गळ्यावर वळ नसले तरी आतून इजा झालेली असू शकते. आवाज बसणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत लाल ठिपके दिसणे यांपैकी काहीही असेल तर लगेच डॉक्टरांकडे जायला सांगा. काहीच त्रास नसला तरी तपासणी करून घेतलेली बरी, कारण काही वेळा त्रास उशिरा सुरू होतो. शिवाय जोडीदाराने एकदा गळा दाबला असेल, तर पुढे जिवावर बेतण्याचा धोका बराच वाढतो.

रडणे चालू असेल तर चालू द्या. “मी फोनवर आहे, घाई नाही,” एवढे म्हणून थांबा. शांतता अंगावर येते म्हणून नवा स्वयंसेवक ती शब्दांनी भरून काढायला बघतो आणि नको ते बोलतो. “निदान जीव तरी वाचला”, “सगळं ठीक होईल”, “मी समजू शकते” ही वाक्ये चांगल्या मनाने येतात, पण ऐकणाऱ्याला वाटते, आपले म्हणणे इथेच संपले. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न तर टाळाच. “तेव्हाच का नाही सांगितलं?” या प्रश्नात ठपका आहे. “सांगणं कशामुळे अवघड झालं?” असे विचारले तर तीच माहिती ठपक्याविना मिळते.

बोलायची वाक्ये साधी आहेत. “तुम्ही फोन केलात, बरं केलंत.” “झालं त्यात तुमचा दोष नाही.” आणि मग सगळ्यात उपयोगी प्रश्न, “आत्ता या घडीला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?” उत्तर पुष्कळदा आपल्या अंदाजाबाहेरचे असते. घरफोडी झालेल्या माणसाला चोर पकडला जाण्यापेक्षा आज रात्री तुटलेल्या दाराचे काय करायचे, याचा घोर असतो. मग दाराचे बघा. बाकीचे उद्या.

जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका काढली. तिचा गाभा तीन क्रियापदांत आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. ती मोफत मिळते आणि नवख्याला एका बैठकीत वाचून होते. त्यात एक गोष्ट बजावून सांगितली आहे : घडलेले सगळे तपशीलवार सांगायला लावू नका. ‘बोलून मन मोकळे होते’ असे आपण सहज म्हणतो, पण घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळे वदवून घेतल्याने पुढचा मानसिक आजार टळत नाही, असे अभ्यासांत दिसले आहे. स्वतःहून सांगितले तर ऐका, खोदून विचारू नका.

आणखी एक. “हे मी कुणालाच सांगणार नाही,” असे वचन देऊ नका. जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर अत्याचार होत असेल, तर गोपनीयतेला मर्यादा येते. ती मर्यादा समोरच्याने तोंड उघडण्यापूर्वी सांगायची असते. नंतर सांगितली तर तो विश्वासघात वाटतो.

प्रश्न : आमच्याकडे आलेल्या एका महिलेच्या सांगण्यात दर वेळी थोडा फरक पडतो. तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, यावरून आमच्या गटात दोन तट पडले आहेत.

तिच्या सांगण्याचा निवाडा करणे हे तुमचे काम नाही. ते तपास अधिकाऱ्याचे आणि न्यायालयाचे आहे. तरीही फरक का पडतो हे समजून घ्या, म्हणजे तट राहणार नाहीत.

अतोनात भीतीच्या क्षणी मेंदू घटनाक्रम नीट नोंदवत नाही. एखादा वास, शर्टाचा रंग, आवाज लख्ख आठवतो, पण आधी काय झाले आणि नंतर काय, हे विस्कटते. नंतर झोप लागत नाही आणि त्याने भर पडते. पुढच्या काही दिवसांत तुकडे हळूहळू जागेवर येतात, म्हणून दुसऱ्यांदा सांगताना नवे काही निघते. हल्ल्याच्या वेळी शरीर ताठ होऊन हलताच न येणे, आवाजच न फुटणे हीही अनैच्छिक प्रतिक्रिया आहे. “ओरडली का नाही?” या प्रश्नाचे उत्तर अनेकदा तिच्याजवळही नसते, आणि त्याचीच तिला टोचणी लागलेली असते.

म्हणून तुम्ही विचारताना क्रमाचा आग्रह धरू नका. “पहिल्यापासून सांगा” ऐवजी “तुम्हाला जमेल तिथून सांगा” म्हणा.

प्रश्न : पहिल्या काही तासांत पुरावा जपण्यासाठी आम्ही काय सांगावे?

आधी जीव आणि उपचार, पुरावा त्यानंतर. लैंगिक अत्याचार झाला असेल तर आंघोळ, कपडे बदलणे, दात घासणे तपासणीपर्यंत थांबवता आले तर बरे. मात्र आंघोळ झाली असेल तर “आता काही उपयोग नाही” असे चुकूनही म्हणू नका. तपासणीत तरीही काही मिळू शकते, आणि औषधोपचार तर हवाच. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्याची औषधे 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि 28 दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळण्याची गोळी 5 दिवसांपर्यंत घेता येते, पण दर तासाच्या उशिराने तिचा भरवसा कमी होतो. हे दोन आकडे प्रत्येक स्वयंसेवकाला पाठ हवेत.

कपडे कागदी पिशवीत ठेवायचे, प्रत्येक कपडा वेगळ्या पिशवीत. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी येते आणि डाग खराब होतात. ओले कपडे सावलीत वाळवून मगच बांधायचे. धुवायचे नाहीत, झटकायचे नाहीत.

धमक्यांचे मेसेज असतील तर स्क्रीनशॉटमध्ये नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. नाव सेव्ह असेल तर त्यामागचा नंबर उघडून त्याचाही फोटो घ्या. मूळ मेसेज पुसू नका, फोन बदलला तरी जुना जपून ठेवा. चूक होते ती इथे : किळस येऊन माणूस सगळे पुसून टाकतो आणि उरतो तो कुणाला तरी फॉरवर्ड केलेला तुकडा. त्यावरून मूळ पाठवणारा सिद्ध करणे कठीण जाते.

प्रश्न : बारा जणांच्या गटाला प्रशिक्षण द्यायचे आहे. किती तास लागतात? व्याख्यानांसाठी तज्ज्ञ बोलावले तर पुरेल का?

व्याख्यानांनी माहिती मिळते, हात बसत नाही. कॅलिफोर्नियात लैंगिक अत्याचारपीडितांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकाला कायद्याने किमान 40 तासांचे प्रशिक्षण लागते. तो अंदाज धरून चाला. त्यातला निम्मा वेळ सरावाला द्या, आणि हे 40 तास सलग पाच दिवसांत कोंबू नका. आठवड्याला दोन बैठका ठेवल्या तर शिकलेले मुरते आणि कुणाला त्रास होत असेल तर तो वेळेवर लक्षात येतो.

सरावासाठी तिघांचा गट करा : एक बोलणारा, एक ऐकणारा, एक निरीक्षक. सात मिनिटे संवाद, पाच मिनिटे चर्चा, मग भूमिका बदल. बारा जणांचे चार गट होतात आणि तिघांचीही पाळी साधारण चाळीस मिनिटांत आटोपते. निरीक्षकाने मत द्यायचे नाही, कागदावर फक्त मोजायचे : ऐकणाऱ्याने किती प्रश्न विचारले, त्यांत ‘का’ किती, किती वेळा मध्येच तोडले आणि पहिला सल्ला कितव्या मिनिटाला दिला. हा शेवटचा आकडा सगळ्यात बोलका. पहिल्या फेरीत बरेच जण दुसऱ्याच मिनिटाला सल्ल्यावर येतात. चार-पाच फेऱ्यांनंतर आकडा सरकताना दिसतो, आणि कुणाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

प्रसंग प्रशिक्षकाने लिहून द्यायचे. स्वतःचा अनुभव कुणीही सरावात वापरायचा नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सांगा. बारा जणांच्या खोलीत स्वतः गुन्ह्याला बळी पडलेले कुणीतरी असू शकते, हे धरूनच चालायचे. खोलीबाहेर जायला कारण द्यावे लागू नये, आणि बाहेर गेलेल्याकडे बघायला एक माणूस नेमलेला असावा. छिन्नविच्छिन्न फोटो, थरारक व्हिडिओ दाखवून ‘गांभीर्य पटवणे’ हा प्रकार काही प्रशिक्षणांत चालतो. त्याने काहीही शिकणे होत नाही, लोक फक्त सुन्न होतात.

आशयात घरफोडी, फसवणूक, रस्त्यावरचा हल्ला, खुनात माणूस गमावलेले कुटुंब हेही घ्या. सगळे प्रशिक्षण लैंगिक आणि घरगुती हिंसेभोवती फिरले, तर फसवणुकीत आयुष्याची पुंजी गेलेल्या वृद्धाशी काय बोलावे हे कुणालाच येत नाही. त्याची लाज फार खोल असते.

प्रशिक्षण संपले की थेट एकट्याने फोन घ्यायला बसवू नका. आधी अनुभवी व्यक्तीशेजारी बसून ऐकणे, मग तिच्या उपस्थितीत बोलणे, मग एकट्याने.

प्रश्न : आरोपी सापडलाच नाही किंवा तक्रारच दिली नाही, तर मदत करायची का?

हो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 29 नोव्हेंबर 1985 रोजी गुन्ह्यातील पीडितांविषयीचा जाहीरनामा स्वीकारला. गुन्हेगार ओळखला गेला, पकडला गेला, त्याच्यावर खटला चालला किंवा तो दोषी ठरला असो वा नसो, पीडित ही पीडितच, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तक्रार द्यायची की नाही हे तिने ठरवायचे. तुम्ही दोन्ही वाटांचे परिणाम सांगायचे. जिथे कायद्यानेच कळवणे बंधनकारक आहे, तिथे तसे आधी सांगायचे.

प्रश्न : नोंदवहीत काय लिहावे? आमच्याकडे काही जण पानेच्या पाने लिहितात.

कमी लिहा. तुमची वही उद्या न्यायालयात मागवली जाऊ शकते, हे लक्षात ठेवून प्रत्येक ओळ लिहा. तारीख, वेळ, कोण हजर होते, कोणती माहिती दिली, काय ठरले, पुढचा संपर्क कधी. व्यक्तीचे शब्द नोंदवायचेच असतील तर अवतरणात, तिच्याच बोलीत, सुधारून न घेता.

‘ती खोटे बोलत असावी’, ‘नैराश्यग्रस्त दिसते’ असली वाक्ये नकोत. पहिला तर्क आहे आणि दुसरे निदान, ते करण्याचा अधिकार तुम्हाला नाही. त्याऐवजी दिसले ते लिहा : ‘बोलताना हात थरथरत होते, दोनदा पाणी मागितले.’ घटनेचा पूर्ण वृत्तांत तुमच्या वहीत नकोच. पोलिसांकडच्या जबाबाशी त्यात एका शब्दाचा फरक पडला, तरी उलटतपासणीत तो तिच्याविरुद्ध वापरला जाईल. आणि नाव-पत्ता एका जागी, नोंद दुसऱ्या जागी, दोन्हींना क्रमांकाने जोडलेले. व्हॉट्सॲप गटावर केसची चर्चा अजिबात नको.

प्रश्न : लहान मूल सांगायला लागले तर?

थांबून ऐका, “मग काय झालं?” एवढेच विचारा. “काकांनी हात लावला का?” असा उत्तर सुचवणारा प्रश्न नको, त्याने मुलाचे सांगणे कायमचे गढूळ होते. पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. मुलाचे शब्द लगेच तसेच्या तसे लिहून काढा आणि पुढचे विचारणे प्रशिक्षित माणसावर सोपवा.

प्रश्न : साक्षीच्या आधी तयारी करून घेतली तर ‘पढवले’ असा आरोप होतो. मग तयारी करायची तरी कशी?

जबाबाची तालीम घ्यायची नाही, जागेची ओळख करून द्यायची. आधी एकदा कोर्टाची खोली दाखवा : न्यायाधीश कुठे, वकील कुठे, आरोपी कुठे बसतो, स्वच्छतागृह कुठे. प्रश्न कळला नाही तर “पुन्हा विचारा” आणि आठवत नसेल तर “आठवत नाही” असे म्हणता येते, हे सांगा. अंदाजाने उत्तर देण्यापेक्षा ते कधीही चांगले. आरोपीच्या नातेवाइकांशी जिन्यात गाठ पडू नये म्हणून थांबायची जागा आधीच ठरवा. तारीख पुढे जाऊ शकते, हेही आधी सांगा. मन घट्ट करून आलेल्या माणसाला तारीख पडली की तो खचतो.

प्रश्न : वर्षभर हे काम करते आहे. हल्ली रात्री दचकून जागी होते, घरच्यांवर चिडते. मी या कामाला लायक नाही का?

लायकीचा इथे संबंध नाही, ताई. सतत दुसऱ्यांचे आघात ऐकणाऱ्यांना असे होते, आणि ते ओळखण्याची साधने आहेत. ‘प्रोक्वॉल’ नावाची 30 विधानांची मोफत प्रश्नावली गेल्या 30 दिवसांबद्दल विचारते आणि कामातले समाधान, थकवा व दुय्यम आघात असे तीन आकडे देते. ती निदान करत नाही. दर तीन महिन्यांनी भरली तर आकडे कुठल्या दिशेने चाललेत ते कळते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे महिन्यातून किमान दोनदा अनुभवी व्यक्तीसोबत तासभर केसवर बोलण्याची ठरलेली वेळ. ती संस्थेने द्यायची असते. दोन अवघड केस लागोपाठ एकाच व्यक्तीकडे जाऊ नयेत, हेही संस्थेनेच बघायचे. ‘स्वतःची काळजी घ्या’ असे सांगून हात झटकणाऱ्या संस्थेत चांगली माणसे टिकत नाहीत. तुमची झोप दोन आठवड्यांहून अधिक बिघडलेली असेल तर तूर्त नवी केस घेऊ नका आणि डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : मदतीच्या ठिकाणांची यादी आमच्याकडे आहे, पण उपयोग होत नाही.

तिच्यातले किती नंबर तुम्ही स्वतः लावून पाहिलेत? धीर एकवटून फोन केलेल्या माणसाला बंद नंबर मिळाला, तर तो दुसरा लावत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीत इतके हवे : उचलणाऱ्याचे पद, वेळा, कोणती कागदपत्रे मागतात, शुल्क आहे का, पुरुषांना घेतात का, मुलांसह राहता येते का, व्हीलचेअर जाते का, कोणत्या भाषा चालतात आणि शेवटचा पडताळा कोणत्या तारखेला केला. दुभाषी लागला तर नातेवाइक नको, मूल तर नकोच.

नंबर देऊन मोकळे होऊ नका. ती व्यक्ती समोर असतानाच, तिला विचारून, तिथे फोन लावा, “मी अमुक संस्थेतून बोलते, एक जण येणार आहेत” एवढे सांगा आणि फोन तिच्या हाती द्या. दोन दिवसांनी ती पोचली का ते विचारा. पोचली नसेल तर कुठे अडले ते यादीत त्या नोंदीखाली लिहून ठेवा. तीन महिन्यांनी सगळी यादी पुन्हा फोन करून तपासा आणि हे काम एकाच व्यक्तीच्या नावावर ठेवा, नाहीतर ते कुणीच करत नाही.